वजनकाट्यावरचा गहू

परभणीला ताईच्या घरी घरघंटी आली, त्याला यंदा ११ वर्षं झाली. त्याआधी दळण गल्लीतल्या गिरणीत जायचं. गिरणीवाले काका मायाळू. आमच्या भाचीला गहू चालत नाही म्हटल्यावर तिचा ज्वारीचा डबा ते आठवणीने वेगळा ठेवायचे. पण गिरणी एकच. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झाला की दगडांत अडकलेलं पीठ आमच्या ज्वारीत उतरायचं. भाकरी ज्वारीची, पथ्य काटेकोर, आणि तरी पोरीचं पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्या. त्याआधीची तीन वर्षं जंताची औषधं आणि लोहाची टॉनिकं देण्यात गेली होती, आणि आता निदान होऊनही गुण नाही. ताईचा धीर सुटत चालला होता. एका आहारतज्ज्ञ बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दळण कुठून आणता?"

घरघंटी आली. सहा महिन्यांत पोरीचे फ्रॉक आखूड झाले.

त्या एका प्रश्नाने मी या विषयाच्या मागे लागले ती आजतागायत. रोगाचं नाव सिलिॲक. थोडक्यात सांगायचं तर गहू, जव आणि राय यांच्यातलं ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेलं की काही माणसांची प्रतिकारशक्ती बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर तुटून पडते. आतड्याच्या आतल्या अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. अन्नरस शोषून घेणारे ते हेच. ते झिजून सपाट होतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. कुणाला जुलाब होतात, कुणाची उंची खुंटते, कुणाच्या रक्तात लोह टिकत नाही. यावर आजही उपाय एकच आहे, जन्मभर ग्लुटेन बंद.

पण गहू हा गुन्हेगार आहे हे कळलं कसं? माझं मन रमतं ते इथे.

लंडनच्या सॅम्युएल गी यांनी १८८८ साली या आजाराचं नेमकं वर्णन छापलं. रोगी बरा व्हायचाच असेल तर आहाराने होईल, असं त्यांचं मत होतं. कोणता आहार, ते मात्र त्यांच्या हाती लागलं नाही. त्यांच्या पाहण्यातलं एक मूल रोज भरपूर शिंपले खाऊन छान बाळसं धरू लागलं. हंगाम सरला आणि ते पुन्हा ढासळलं. पुढच्या वर्षी त्याला शिंपल्यांचा इतका कंटाळा आला होता की ते तोंड उघडेना. पुढे १९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवलं आणि मुलं खरोखर सुधारली. हास यांना वाटलं, गुण केळ्यात आहे. ताटात केळं आल्यामुळे पाव बाहेर गेला होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. कितीतरी मुलांचे जीव त्या केळ्यांनी वाचवले, म्हणून मी हास यांना नावं ठेवणार नाही. पण ताटात काय आलं हे पाहणाऱ्याने ताटातून काय गेलं हेही पाहायला हवं, हा धडा मला त्यांच्याकडूनच मिळाला.

ते पाहिलं विलेम कारेल डिके यांनी. १९०५ साली जन्मलेले हे डच बालरोगतज्ज्ञ हेगच्या युलियाना बालरुग्णालयात होते. त्यांची गोष्ट बहुतेक ठिकाणी अशी सांगतात: १९४४-४५ चा भुकेचा हिवाळा. रेल्वे कामगारांनी संप केला, जर्मनांनी अन्नाची वाहतूक रोखली, पश्चिम हॉलंडमध्ये २० हजारांवर माणसं उपासमारीने गेली. लोक साखरबीट आणि ट्यूलिपचे कंद खाऊन राहिले. पाव मिळेनासा झाला आणि सगळी मुलं खंगत असताना सिलिॲकची मुलं सुधारली. मग विमानांतून पाव आला आणि ती पुन्हा आजारी पडली. डिके यांना उलगडा झाला.

सहा वर्षांपूर्वी एका सहलीबरोबर मी हॉलंडमधल्या कोइकेनहोफच्या बागेत गेले होते. सगळे फुलांचे फोटो काढत होते आणि मी दुकानातला ट्यूलिपचा कंद हातात घेऊन उभी. लहान कांद्याएवढा, वर तपकिरी कागदी साल. मधला पिवळा कोंब बाधतो, तो काढून मग शिजवायचे, असं गाइड बाईंनी सांगितलं. त्यांच्या आजीने ते खाल्ले होते. तो कंद मी मोजकी नाणी देऊन विकत घेतला. तो अजून माझ्या टेबलावर आहे, वाळून खडखडीत झालेला.

तरीही ही गोष्ट अशी सांगणं मला पटत नाही. दुष्काळाने हे शोधलं नाही. डिके यांचा गव्हावरचा संशय युद्धाच्या आधीचा आहे. १९३४ ते ३६ च्या सुमारास एका तरुण आईने सांगितलं की लेकराच्या खाण्यातून पाव काढला की त्याच्या अंगावरचं पुरळ जातं. डॉक्टरांनी तिला "असं काही नसतं" म्हणून वाटेला लावलं नाही. तिचं म्हणणं डोक्यात ठेवून त्यांनी मुलांना गव्हाविना ठेवून पाहिलं. पाव आणि रस्क वर्ज्य करणाऱ्या आहारावरचा त्यांचा लेख १९४१ सालचा, भुकेच्या हिवाळ्याच्या तीन वर्षं आधीचा. हिवाळ्याने त्यांची खात्री वाढवली असेल. सुरुवात मात्र त्या आईच्या बोलण्यापासून झाली. आमच्या ताईचं कुणी तीन वर्षं ऐकलं नाही, म्हणून असेल कदाचित, मला हा भाग परत परत वाचावासा वाटतो.

युद्धानंतर डिके यांनी जे केलं त्याला मी निखळ संशोधन म्हणते. थोडीच मुलं, पण प्रत्येकाची दीर्घ नोंद. गहू बंद केला, वजन चढलं. गहू दिला, भूक मेली, जुलाब लागले, वजन उतरलं. पुन्हा बंद केला, पुन्हा चढलं. प्रत्येक मूल स्वतःच स्वतःचा साक्षीदार. राय दिली तर काय होतं, तांदूळ आणि मका दिला तर काय, हेही पाहिलं. १९५० साली उट्रेख्त विद्यापीठात हा प्रबंध सादर झाला. जोडीला फान डे कामर हे रसायनतज्ज्ञ होते. मुलांची रोजची शी गोळा करायची आणि तिच्यातली चरबी मोजायची, अशी त्यांची पद्धत. गहू सुरू असताना चरबी न पचता बाहेर पडते, हे आता आकड्यात दिसू लागलं. कुणाला किळस येईल अशा त्या कामातून कितीतरी मुलांच्या जगण्याचा प्रश्न सुटला. १९५२ साली बर्मिंगहॅमच्या गटाने पीठ धुऊन स्टार्च वेगळा काढला आणि घातक भाग ग्लुटेन आहे हे दाखवून दिलं. कुरडईचा चीक काढताना खाली जो चिवट चोथा उरतो, ज्यातून आपण सत्त्व काढून घेतलं असं म्हणतो, ग्लुटेन असतं ते त्यात.

पुढचा टप्पा आतड्यात डोकावण्याचा. १९५७ सालची क्रॉस्बी कॅप्सूल हे माझं आवडतं यंत्र. बारीक नळीच्या टोकाला धातूची कुपी, कुपीला भोक, आत स्प्रिंगवरचं पातं. रोग्याने ती गिळायची, ती लहान आतड्यात पोचेपर्यंत थांबायचं, मग नळीतून हवा ओढायची. अस्तराचा कण भोकात खेचला जातो, पातं फिरतं, तुकडा कापला जातो. शस्त्रक्रियेविना आतड्याचा नमुना हाती येऊ लागला आणि झिजलेली लव सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागली. आता हे काम एंडोस्कोपीने होतं.

१९९७ साली बर्लिनच्या संशोधकांनी शरीर नेमकं कशावर चालून जातं ते ओळखलं. ते ट्रान्सग्लुटामिनेज हे आपलंच विकर. आज ताईच्या हातात दरवर्षी येणारा 'टीटीजी'चा अहवाल त्यातूनच आला. शरीर स्वतःवर उलटतं अशा आजारांत बाहेरची ठिणगी इतकी स्पष्ट ठाऊक असणं फार दुर्मीळ. ठिणगी काढली की रक्तातली प्रतिपिंडं उतरतात आणि आतडं बहुधा भरून येतं.

आपल्याकडचा एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या २३ हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली. सिलिॲकचं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७, दक्षिणेत ०.१०. या आजाराला लागणारी जनुकं मात्र तिन्हीकडे जवळजवळ सारख्याच प्रमाणात. मग फरक कुठला? रोजचा गहू उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५. पण ईशान्येतही गहू ३७ ग्रॅमच, म्हणजे गव्हाने सगळा हिशेब जुळत नाही, आणि तिथेच हा विषय मला झोपू देत नाही. आमच्या मराठवाड्यात आजीच्या काळी पोळी सणावारी व्हायची, रोज ज्वारीची भाकरी. आता भाकरी चवीपुरती उरली आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी या तिन्हींत ग्लुटेन नाही. ज्यांच्या घरात हे निदान होतं त्यांना परक्या देशातलं महागडं पाकीट शोधावं लागत नाही, हे आपलं भाग्यच म्हणते मी. फक्त दळण वेगळं हवं, आणि हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचायची सवय हवी, कारण बांधानी हिंगात अनेकदा गव्हाचं पीठ असतं.

आता औषधाचा शोध चालू आहे. आतड्याची गळती रोखणाऱ्या लॅराझोटाइडची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी २०२२ साली थांबवावी लागली, पुरेसा गुण दिसला नाही. त्याआधी, २०२१ साली युरोपातल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. ट्रान्सग्लुटामिनेजला अडवणारं औषध, १६० च्या आसपास रुग्ण. पथ्यावर उत्तम असलेल्या या लोकांनी सहा आठवडे रोज ३ ग्रॅम ग्लुटेन मुद्दाम खाल्लं. काहींना औषध, काहींना नुसतीच गोळी. औषध घेतलेल्यांच्या आतड्याची झीज कमी झाली. दुसऱ्याच्या लेकराला उद्या पोळी खाता यावी म्हणून स्वतःचं भरलेलं आतडं पणाला लावणारी ही माणसं. मी त्यांच्यापुढे हात जोडते.

गेल्या दिवाळीत हे मी भाचीला वाचून दाखवलं. ती आता १९ वर्षांची, पुण्यात शिकते, मेसचा नाही, घरच्या ज्वारीचा डबा खाते. फराळाच्या ताटात तिच्यासाठी अनारसे आणि बेसनाचे लाडू होते, शंकरपाळ्यांचा डबा ताईने मुद्दाम वरच्या फळीवर ठेवला होता. तिने सगळं ऐकलं, अनारशावरची खसखस बोटाने टिपली आणि विचारलं,

"मावशी, पण त्यांना ते ग्लुटेन खायला कशात घालून दिलं?"

"बिस्किटात."

"चव कशी होती, ते लिहिलंय का कुठे?"