सुट्या भागांची धुलाई : यंत्राआधी मळाचा विचार

धातूचा सुटा भाग रंगकामाकडे, मुलाम्याकडे किंवा जुळणीकडे जाण्यापूर्वी धुवावा लागतो, आणि या धुलाईसाठी कोणते यंत्र घ्यावे हा प्रश्न बहुतेक ठिकाणी टाकीचे माप, पंपाची क्षमता आणि किंमत यांचा तक्ता समोर ठेवून सोडवला जातो. वास्तविक निवडीची सुरुवात भागावर चिकटलेल्या मळापासून व्हायला हवी. कारण एका मळावर रामबाण ठरलेले यंत्र दुसऱ्या मळापुढे निव्वळ गरम पाण्याचे पिंप ठरते.

यंत्रशाळेत ज्याला सरसकट ‘तेल’ म्हटले जाते, त्यात परस्परांहून भिन्न स्वभावाचे पदार्थ एकवटलेले असतात. सीएनसी यंत्रावरील कूलंट बहुधा पाण्यात मिसळणारे असल्याने ताजे असेपर्यंत पाण्याने सहज निघते, परंतु वाळल्यावर त्यातील जे क्षार मागे राहतात ते तेल विरघळवणाऱ्या सेंद्रिय द्रवांना, म्हणजेच विद्रावकांना, दाद देत नाहीत. पत्रा खोल ओढताना वापरल्या जाणाऱ्या चरबीयुक्त वंगणाचा गरम क्षारधर्मी द्रावणात खरोखरच साबण होतो. खनिज कटिंग ऑइलचा आणि गंजरोधक तेलाचा तसा साबण होत नाही, त्यामुळे त्यांना पृष्ठभागावरून सुटवून सूक्ष्म थेंबांच्या रूपात पाण्यात तरंगत ठेवावे लागते. बफिंगच्या मेणचट मिश्रणाचे तर दुखणे दुहेरी असते : मेण विरघळले तरी त्यातले घासकण जागीच राहतात आणि ते काढायला द्रवाबरोबर धक्काही लागतो.

विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात या प्रश्नाला ‘बाष्पधुलाई’ हे एकच ठरलेले उत्तर होते. उंच टाकीच्या तळाशी ट्रायक्लोरोएथिलीनसारखे विद्रावक उकळत ठेवायचे, वरच्या कडेला थंड पाण्याची वेटोळी बसवून वाफ तिथेच अडवायची आणि मधल्या वाफेच्या थरात थंड भाग सोडायचा, अशी ही रचना असे. भागावर वाफ द्रवरूप होऊन तेलासह खाली गळते आणि भाग वाफेइतकाच, म्हणजे ट्रायक्लोरोएथिलीनच्या बाबतीत सुमारे ८७ अंश सेल्सिअस, तापला की क्रिया आपोआप थांबून तो कोरडाच बाहेर येतो. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाची आक्रसून राहण्याची ओढ, मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो, तर या विद्रावकाचा ३० च्या आत असतो. त्यामुळे जिथे पाणी शिरायला कचरते अशा अरुंद फटीतही ते शिरते. शिवाय एक किलो पाण्याची वाफ करायला जितकी उष्णता लागते तिच्या सुमारे नवव्या हिश्शात या विद्रावकाची वाफ होते. तांत्रिकदृष्ट्या ही पद्धत इतकी देखणी होती की तिचे दोष दिसूनही उद्योगाला ती सोडवेना.

त्या दोषांची किंमत मात्र मोठी निघाली. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार ओझोनच्या थराला घातक ठरलेली सीएफसी-११३ आणि १,१,१-ट्रायक्लोरोएथेन ही विद्रावके टप्प्याटप्प्याने हद्दपार झाली, तेव्हा काही कारखाने पुन्हा ट्रायक्लोरोएथिलीनकडेच वळले. पुढे २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तेच द्रव्य माणसांत निश्चितपणे कर्करोगकारक असल्याचे ठरवले, एप्रिल २०१६ पासून युरोपीय संघात विशेष परवानगीवाचून त्याचा वापर बंद झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्यावर बंदीचा नियम जाहीर केला. पर्याय म्हणून पुढे आलेले एन-प्रोपिल ब्रोमाइडही २०२२ मध्ये अमेरिकेच्या घातक वायुप्रदूषकांच्या यादीत गेले. म्हणजे जुनी उघडी टाकी तशीच ठेवून तिच्यात केवळ नवा द्रव ओतणे हा उपाय नव्हे, हे या साखळीतून पुरेसे स्पष्ट होते.

एक पर्याय म्हणजे जलीय, पाण्यावर आधारलेली, धुलाई. तिचा विचार करताना हेंकेल कंपनीतील हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये मांडलेले वर्तुळ आजही उपयोगी पडते. रसायन, यांत्रिक जोर, तापमान आणि वेळ या चार घटकांपैकी एक कमी केला तर उरलेल्यांनी त्याची भरपाई करावी लागते, असे ते सांगते. अॅल्युमिनियमचे ओतीव भाग तीव्र क्षारात काळवंडतात, म्हणून तिथे सौम्य रसायन घेऊन फवाऱ्याचा जोर किंवा वेळ वाढवावा लागतो. भागात ब्लाइंड होल, म्हणजे एका बाजूने बंद भोके, असतील तर स्थिर फवाऱ्याचा उपयोग जवळजवळ शून्य असतो. तिथे भाग द्रवात बुडवून फिरवणारे यंत्रच हवे. श्राव्यातीत ध्वनीच्या, कारखान्याच्या भाषेत अल्ट्रासोनिक, टाक्यांत सेकंदाला २५ ते ४० हजार कंपनांमुळे सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुटतात आणि त्या धक्क्याने कण सुटतात; परंतु बास्केट गच्च भरली की ध्वनी आतल्या भागांपर्यंत पोहोचत नाही, आणि मऊ पृष्ठभागावर तोच धक्का खड्डे पाडू शकतो.

जलीय यंत्रांचा खरा कस धुण्यात नव्हे, वाळवण्यात लागतो. पाण्याची वाफ होण्यास लागणारी प्रचंड उष्णता वीजबिलात दिसते, ओतीव लोखंडावर काही मिनिटांत तांबूस गंज धरतो आणि शेवटचे खळबळणे साध्या बोअरच्या पाण्याने केले तर क्षारांचे पांढरे डाग उरतात. म्हणून निर्क्षारित पाणी, गंजरोधक, गरम हवेचा झोत वा निर्वात कोठी यांचा खर्च मूळ किमतीतच धरला पाहिजे. पुरवठादाराच्या पहिल्या दरपत्रकात तो क्वचितच असतो. अवघड आकाराच्या आणि तेलाने माखलेल्या भागांसाठी पूर्ण बंदिस्त, निर्वात यंत्रात हायड्रोकार्बन किंवा सुधारित अल्कोहोल वापरणे पुष्कळदा अधिक शहाणपणाचे ठरते. त्यात द्रव ऊर्ध्वपातनाने, म्हणजे उकळून व पुन्हा थंड करून, त्याच यंत्रात शुद्ध होत राहतो. विद्रावकाचे नाव निघताच नाक मुरडण्याची सवय म्हणूनच सोडायला हवी.

‘स्वच्छ’ म्हणजे किती, हे ठरवल्याशिवाय यातले काहीच ठरत नाही. रंगकामाआधी पृष्ठभागावर पाण्याचा सलग पापुद्रा टिकतो की तुटतो, एवढी साधी चाचणीही दिशा दाखवते. वाहनांच्या भागांसाठी मात्र आयएसओ १६२३२ हे मानक आहे : भाग धुतलेले द्रव सूक्ष्म गाळणपटलातून गाळून मागे उरलेल्या कणांचे वजन मिलिग्रॅममध्ये घेतले जाते आणि त्यांचे आकार मोजले जातात. चाकण-पिंपरीच्या पुरवठादारांत हीच ‘मिलिपोर टेस्ट’ म्हणून ओळखली जाते. डिझेल इंजेक्टरमधील फटी काही मायक्रॉनच्याच असल्याने तिथे एक कठीण कणही भाग निकामी करू शकतो. शेतीच्या अवजारातील बिजागरीला तेवढी काटेकोर धुलाई देणे हा निव्वळ अपव्यय होय.

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावसारख्या औद्योगिक वसाहतींतील लहान युनिटमध्ये रॉकेल आणि ब्रश यांनी होणारी धुलाई स्वस्त वाटते, कारण आगीचा धोका, कामगाराच्या हातांची त्वचा आणि गळालेले तेल यांचा हिशेब कोणी मांडत नाही. वापरलेले तेल आणि निकामी विद्रावक हे भारतातील २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतात. जलीय टाकीतले सांडपाणीही प्रक्रियेविना गटारात सोडता येत नाही. तरंगते तेल सतत काढणारा स्किमर आणि चांगली गाळणी असली तर द्रावण बदलण्याचा काळ लांबतो, म्हणून त्यांना जोडसाहित्य न मानता यंत्राचाच भाग मानावे.

खरेदीआदेश देण्यापूर्वी पुरवठादाराच्या नमुन्यांवर विसंबू नये. आपल्याच कारखान्यातील सर्वांत अवघड आकाराचे, आठवडाभर तेलात पडून वाळलेले जॉब त्याच्या यंत्रात धुऊन घ्यावेत आणि त्यांचा कणचाचणीचा अहवाल हाती येईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नये.