शाळेंतील डिजिटल छायाचित्रण

शाळेंत छायाचित्रण शिकविणें ही अगदीं अलीकडची कल्पना आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. पुढें नांवारूपास आलेले छायाचित्रकार हरिश्चंद्र चिंतामण हे त्याच वर्गाचे विद्यार्थी. त्या काळच्या विद्यार्थ्याच्या बोटांना रसायनांचे डाग पडत, आणि हात चुकला कीं कांच वायां जाई. आज हाच विषय अमेरिकेंतील अनेक हायस्कुलांत ऐच्छिक म्हणून शिकवितात. पण तेथें बहुतेक ठिकाणीं काळोखी खोली जाऊन तिच्या जागीं संगणकांची रांग आली आहे. साधनें पालटलीं, बोटें स्वच्छ राहूं लागलीं. मग शिकण्यासारखें उरलें तरी काय? कळ दाबली कीं चित्र तयार, असें ज्याला वाटतें त्यानें या वर्गाचा अभ्यासक्रम एकदां पाहावा.

पहिला धडा असतो तो कॅमेऱ्याच्या पोटांत काय घडतें याचा. फिल्मवर प्रकाश चांदीच्या क्षारांत बदल घडवी. डिजिटल कॅमेऱ्यांत भिंगामागें सिलिकनचा एक लहानसा तुकडा असतो आणि त्यावर लक्षावधि सूक्ष्म घरें असतात. पाऊस पडत असतां अंगणांत ओळीनें वाट्या मांडाव्या आणि मागाहून प्रत्येकींत किती पाणी सांचलें तें मोजावें, तशीं हीं घरें आपापल्यावर पडलेला प्रकाश मोजतात. एका ओळींत ४,००० घरें आणि अशा ३,००० ओळी असल्या, कीं एकूण संख्या १ कोटी २० लक्ष होते. यांतील एकाहि घराला रंग कळत नाहीं. म्हणून प्रत्येकावर तांबडी, हिरवी किंवा निळी अशी एक पारदर्शक टिकली बसवितात. मनुष्याच्या डोळ्याला हिरव्या प्रकाशांत बारकावे अधिक दिसतात, यास्तव हिरव्या टिकल्या इतर प्रत्येक रंगाच्या दुप्पट. ही योजना कोडॅक कंपनींतील ब्राइस बायर यांची. तिचें पेटंट १९७६ सालचें. त्याच्या आदल्या वर्षीं त्याच कंपनींत स्टीव्हन सॅसन यांनीं जो डिजिटल कॅमेरा जुळविला, त्याच्या चित्रांत १०० ओळी आणि प्रत्येक ओळींत १०० ठिपके एवढाच ऐवज होता, आणि तें कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत.

दुसरा धडा प्रकाश मापून घेण्याचा. भिंगाचें छिद्र, पडदा उघडा राहण्याचा काळ आणि संवेदनक्षमता या तिहींचा मेळ साधावा लागतो. यासाठीं पाण्याच्या नळाचा प्रयोग फार सोयीचा. धारेचें चित्र एका सेकंदाच्या हजाराव्या भागांत घेतलें तर थेंब मोत्यांसारखे सुटे दिसतात. पंधराव्या भागांत घेतलें तर तीच धार रेशमी पदरासारखी दिसते. परंतु दुसऱ्या चित्रांत प्रकाश सुमारें ६४ पट अधिक शिरतो. तो आवरावयाचा तर छिद्राचा आंकडा २ वरून १६ वर न्यावा लागतो. ५० मिलिमीटरच्या भिंगांत २ म्हणजे २५ मिलिमीटर व्यासाचें छिद्र, आणि १६ म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटरचें. आंकडा वाढला कीं छिद्र लहान, हें उफराटें गणित विद्यार्थ्यास प्रथम चकवितें. पण छिद्र लहान होतांच नळामागची भिंतहि स्पष्ट दिसूं लागते, हें त्यानें स्वतः पाहिलें म्हणजे तें तो पुन्हां विसरत नाहीं.

तिसरा धडा मर्यादेचा. संगणकावरील सामान्य चित्रांत प्रत्येक रंगाच्या पायऱ्या ० पासून २५५ पर्यंत असतात. भर दुपारीं पांढऱ्या सदऱ्याचें चित्र घेतांना प्रकाश अधिक झाला, तर सगळा सदरा २५५ वर जाऊन बसतो आणि त्याच्या सुरकुत्या नाहींशा होतात. वाटी भरून वाहूं लागली कीं पाऊस किती पडला तें सांगतां येत नाहीं, तसेंच हें. कोणतीहि दुरुस्ती त्या सुरकुत्या परत आणूं शकत नाहीं. फार तर नव्या रंगवूं शकेल. म्हणून कांहीं कॅमेऱ्यांत मोजमापें जशींच्या तशीं राखण्याची सोय असते. तेथें पायऱ्या ४,०९६ किंवा १६,३८४ असतात, आणि मागाहून सुधारण्यास अधिक वाव राहतो.

यानंतर येतें तें संस्करण. थॉमस व जॉन नॉल या बंधूंनीं रचलेलें फोटोशॉप १९९० सालीं बाजारांत आलें. थॉमस यांनीं छायाचित्रण वडिलांच्या घरच्या काळोख्या खोलींत शिकलें होतें. एखादा भाग उजळ किंवा गडद करण्याच्या फोटोशॉपमधील हत्यारांना अद्यापि काळोख्या खोलींतलींच नांवें आहेत. विद्यार्थी प्रथम मूळ चित्राची प्रत बाजूला ठेवावयास शिकतो. मग कडा छाटणें, रंगांचा तोल साधणें, आणि मूळ चित्राला धक्का न लावतां त्यावर पारदर्शक कागदांसारखे थर चढविणें. हें सर्व हातीं आलें कीं खरा प्रश्न उभा राहतो. आंकडेच बदलावयाचे, तर कोणते बदलावे आणि कोणते नाहीं?

लबाडी डिजिटल युगानेंच आणली असें नव्हे. आपल्याकडील स्टुडिओंतहि निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून आजोबांच्या सुरकुत्या मिटविल्या जात, आणि लग्नासाठीं दाखवावयाच्या मुलीचा वर्ण उजळ केला जाई. परंतु निगेटिव्ह हातांत घेऊन पाहतां येई. आंकडा बदलल्याची खूण डोळ्याला दिसत नाहीं. १९८२ च्या फेब्रुवारींत नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर, उभी चौकट साधावी म्हणून, गिझाचे दोन पिरॅमिड एकमेकांजवळ सरकविले गेले. १९९४ सालीं टाइम साप्ताहिकानें खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्प्सन यांचा चेहरा मुखपृष्ठावर अधिक काळा करून छापला. दोन्ही वेळां गदारोळ उठला. वर्ल्ड प्रेस फोटो या स्पर्धेंत आतां अंतिम फेऱ्यांपर्यंत पोंचलेल्या छायाचित्रकारांकडून मूळ फाइल मागवितात. २०१५ सालीं शेवटून दुसऱ्या फेरींतील सुमारें एक पंचमांश चित्रें याच तपासणींत बाद झालीं.

विद्यार्थ्यासमोर हा प्रश्न लहान रूपानें येतो. तेथील शाळा दरवर्षीं एक वार्षिक काढतात, आणि त्यांत वर्गांत काढलेलीं चित्रें जातात. मैदानावरील कचऱ्याचा डबा चित्रांतून पुसावा काय? शुभेच्छापत्रासाठीं पुसला तर कोणाचें बिघडत नाहीं. शाळेच्या वृत्तांतांत पुसला तर मैदान होतें त्याहून वेगळें सांगितलें जातें. मैत्रिणीच्या गालावरील पुटकुळी चार दिवसांची असते, पण तिचा सांवळा वर्ण तिचा स्वतःचा असतो. पहिली काढण्यापूर्वीं तिला विचारावें, आणि दुसऱ्यास हात लावूं नये. असा विवेक संगणक शिकवीत नाहीं. तो वर्गांतल्या चर्चेंत, दहाजणांनीं एका चित्राभोंवतीं बसून वाद घातल्यावर उमजतो.

आज घरोघरीं प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे, आणि पुढच्या पिढीला आपल्या आजीचा चेहरा याच आंकड्यांतून पाहावयाचा आहे. तो चेहरा सुंदर दिसावा ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु तो आजीचाच असावा, ही त्याहून मोठी गरज आहे. ज्या मुलाला मूळ प्रत जपावयाची संवय लागली, त्याच्यापाशीं या दोन्ही गोष्टी राहतील.