नकाशातून निसटणारी जमीन

नदी समुद्राला मिळते तिथे तिचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो आणि त्रिभुज प्रदेश तयार होतो, हे आपण वर्गात शिकवतो. पण एकदा तयार झालेला त्रिभुज प्रदेश कायम टिकतो का?

अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे उदाहरण घेऊ. १९३२ ते २०१६ या काळात लुइझियाना राज्याच्या किनारी भागातील सुमारे ४,८३३ चौ. किमी जमीन पाण्याखाली गेली. असे का झाले?

गाळाची जमीन दबून सतत खचत असते. पूर्वी पुराबरोबर येणारा नवा गाळ ही तूट भरून काढी. १९२७ च्या महापुरानंतर नदीकाठचे बांध उंच आणि भक्कम केले गेले. पूर अडले, तसा गाळही अडला. त्यात तेल आणि वायूच्या उत्खननाची भर पडली. विहिरींपर्यंत यंत्रे नेण्यासाठी आणि तेलवाहिन्या टाकण्यासाठी दलदलीत हजारो किलोमीटर लांबीचे कालवे खोदले गेले. उपसलेल्या चिखलाच्या ढिगांनी पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला. काही ठिकाणी कालव्यांतून खारे पाणी आत शिरले व गोड्या पाण्यातील गवत मेले. मुळे गेल्यावर माती कोण धरून ठेवणार? शिवाय तेल-वायू काढल्याने खोल थरांतील दाब कमी होतो आणि वरची जमीन आणखी खचू शकते.

हे बदल मोजण्यासाठी हवाई छायाचित्रे आणि १९७२ पासून लँडसॅट उपग्रहांची चित्रे वापरली जातात. निकट-अवरक्त किरण पाणी बहुतांशी शोषून घेते, तर हिरवी पाने ते परावर्तित करतात. म्हणून अशा चित्रात पाणी काळे आणि झाडोरा उजळ दिसतो. वळणावळणाची रेघ म्हणजे बहुधा नैसर्गिक ओढा, तर सरळ रेघ म्हणजे माणसाने खोदलेला कालवा. मात्र भरतीच्या वेळी तीच जमीन कमी दिसते, तर तरंगत्या वनस्पती जमिनीचा भास निर्माण करतात. म्हणून एका चित्रावर विसंबून चालत नाही. अनेक वर्षांची चित्रे ताडून पाहावी लागतात.

या काटेकोरपणाला महत्त्व आहे. लुइझियानात धूप होऊन पाण्याखाली गेलेल्या खाजगी जमिनीची मालकी राज्याकडे जाऊ शकते. २०११ नंतर प्लॅकमिन्स परगण्यातील अनेक खाड्या-उपसागरांची नावे सरकारी सागरी नकाशांतून वगळावी लागली, कारण त्यांना वेगळे ओळखू देणारे काठच उरले नव्हते.

वर्गात एकाच किनाऱ्याचे, एकाच प्रमाणाचे दोन काळांतले नकाशे आलेखकागदावर गिरवून जमिनीचे चौकोन मोजता येतील. मोजण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा : हे नकाशे भरतीचे की ओहोटीचे?