खानापूरची माती आणि कुंभाराचे मोल

बेळगावहून लोंढ्याच्या दिशेने निघालेला प्रवासी साधारण २५ किलोमीटर गेला, की मलप्रभेच्या काठी वसलेले खानापूर लागते. ही नदी ह्याच तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावरील कणकुंबी येथे उगम पावते. गोव्याकडे जाणाऱ्या पुष्कळांना हे गाव केवळ वाटेवरचे एक स्थानक म्हणून ठाऊक असते. परंतु ज्याला थोडी सवड असेल त्याने येथे अवश्य उतरावे. कारण येथील मातीने आणि ती घडविणाऱ्या हातांनी ह्या गावाला नाव मिळवून दिले आहे.

कुंभाराच्या अंगणात पाऊल टाकले, की प्रथम चाक दिसेल अशी आपली समजूत असते. वस्तुतः प्रथम दिसते ती माती: वाळत घातलेली, कुटलेली, भिजत ठेवलेली. खडा, मूळ, काडी वेचून काढावी लागते. एखादा चुन्याचा खडा जरी राहून गेला, तरी भाजलेले भांडे पुढे तेथेच टवका उडून फुटते. माती फार चिकण असेल तर वाळताना तडकते, म्हणून तीत बारीक वाळू किंवा राख मिसळावयाची आणि मग पायांनी तुडवून, हातांनी मळून ती लोण्यासारखी करावयाची. चाकाला हात लागण्यापूर्वी अशी कित्येक दिवसांची मेहनत झालेली असते. तिच्यात घरच्या स्त्रियांचा आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांचाही वाटा असतो.

चाकावरचे काम पाहता पाहता संपते. गोळा वर चढतो, अंगठ्याने पोकळ होतो, दोऱ्याने कापला जातो. पाहुणे येथेच टाळ्या वाजवून निघून जातात. परंतु घागर अजून झालेली नसते! तिची भिंत जाड आणि बूड अपुरे असते. ती किंचित सुकली, की आतून गुळगुळीत दगडी गोटा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकीत ठोकीत तिला पातळ, गोल आणि बळकट करावे लागते. आतला हात आधार देतो आणि बाहेरचा हात घाव घालतो. आतला हात क्षणभर ढळला, तर घावाने घागर फाटेल. मुलांना वळण लावणाऱ्या आईबापांना ह्याहून बोलका धडा कोणत्या ग्रंथात सापडेल?

शेवटी भट्टी. लाकूड, गोवऱ्या आणि पेंढा ह्यांच्या थरांत भांडी रचतात आणि वरून मातीचे लिंपण देतात. उष्णता ५०० ते ६०० अंशांच्या सुमारास पोहोचली, की मातीच्या कणांत मुरलेले पाणीही निघून जाते. तेथून पुढे ते भांडे पाण्यात कितीही भिजविले, तरी पुन्हा चिखल होत नाही. एखादे भांडे ओलसर राहिले असेल, तर वाफेने फुटते आणि शेजारच्यांनाही दुखापत करते. त्या नुकसानीची भरपाई कोणी देत नाही. शिवाय पावसाळ्याचे महिने येथे भांडी वाळविणेही दुरापास्त होते.

पवित्र शास्त्राच्या वाचकाला येथे यिर्मया संदेष्ट्याचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. परमेश्वराने त्याला कुंभाराच्या घरी धाडले. चाकावर बिघडलेल्या मातीचेच कुंभाराने दुसरे पात्र घडविले, हे त्याने पाहिले. हा अठरावा अध्याय आपण प्रवचनांत अनेकदा ऐकतो. परंतु लगेचच्या एकोणिसाव्या अध्यायात त्याच संदेष्ट्याला भाजलेली सुरई घेऊन लोकांदेखत फोडावयास सांगितले आहे. ती पुन्हा सांधता येणार नाही. ओल्या मातीला पुन्हा संधी आहे, भाजलेल्या मातीला नाही, हा भेद भट्टीपाशी उभे राहिले असता जसा उमजतो तसा अन्यत्र क्वचितच उमजतो. मन ओले आहे तोवरच पश्चात्तापाची वेळ आहे.

तथापि ह्या दृष्टान्तावर आपण जितके प्रेम करतो, तितके कुंभारावर करतो काय? रविवारी मिस्सेत देवाला कुंभार म्हणावयाचे आणि बाजाराच्या दिवशी त्याच कुंभाराशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालावयाची! कारखान्यातील प्लॅस्टिकच्या बादलीवर छापलेली किंमत आपण मुकाट्याने देतो. घासाघीस करतो ती घागरीवर. पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ ह्या विश्वपत्रात न्याय्य वेतन हा श्रमिकाचा हक्क असल्याचे सांगितले. पोप तेविसावे जॉन ह्यांनी १९६१ च्या ‘मातेर एत माजिस्त्रा’मध्ये कारागिरांचे व सहकारी संस्थांचे रक्षण करण्याचा आग्रह धरला. ही शिकवण केवळ कारखानदारांसाठी नाही; पिशवी घेऊन बाजारात जाणाऱ्या गृहिणीसाठी आणि गृहस्थासाठीही आहे.

ह्या व्यवसायाला आधार देण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्था खानापुरातच आहे. आयोगाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या योजनेतून देशभरातील कुंभारांना विजेची चाके देण्यात आली. दांड्याने चाक फिरविण्याचे कष्ट त्यामुळे वाचतात. परंतु वीज चाक फिरवू शकते, गिऱ्हाईक आणू शकत नाही. आणि बापाची मिळकत पाहूनच मुलगा चाकावर बसावे की शहराची वाट धरावी हे ठरवितो.

म्हणून खानापूरला जाल तेव्हा केवळ पाहून परतू नका. एखादी घागर घेऊन या. बोटाने टिचकी मारून पाहा: खणखणीत वाजली तर ती पक्की, बद्द वाजली तर कोठेतरी चीर आहे. संत गोरोबाकाकांनी संतांची मस्तके थापटण्याने पारखल्याची कथा ह्याच परीक्षेवर आधारलेली आहे. घरी आणल्यावर ती दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा. आतून साबणाने घासू नका, कारण तिच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरणारे पाणी वाऱ्याने उडून जाते म्हणूनच आतले पाणी गार राहते. आणि कुंभार सांगेल ती वाजवी किंमत हसतमुखाने त्याच्या हाती ठेवा. राखेच्या बुधवारी आपण मातीचे आहोत ह्याचे स्मरण आपण करतोच. मातीवर पोट भरणाऱ्या बांधवाचे स्मरण वर्षातील इतर दिवशीही असू द्यावे.