निकालानंतरची कागदपत्रं

जोडीदार आणि कायदा : भाग ६

गेल्या भागात १९५४चा विशेष विवाह कायदा पाहिला. आता १७ ऑक्टोबर २०२३चा निकाल.

त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. लग्न हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं. लग्न नाही, तर निदान अशा नात्याला मान्यता आणि मूल दत्तक घ्यायची मुभा असावी, असं सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल यांचं मत पडलं. बाकी तिघांनी ते मानलं नाही. ९ जानेवारी २०२५ला फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या, त्याही खुल्या सुनावणीविना. एक गोष्ट मात्र पदरात पडली आणि तिची चर्चा फारशी झाली नाही: ट्रान्स व्यक्तीला भिन्नलिंगी नात्यात सध्याच्याच कायद्यांखाली लग्न करता येतं, हे पाचही जणांनी मान्य केलं.

अशा वेळी '२०१३ आठवा' म्हणून धीर दिला जातो. ११ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलम कायम ठेवलं आणि ६ सप्टेंबर २०१८ला त्याच न्यायालयाने संमतीने होणारे समलिंगी संबंध त्यातून वगळले. मला हा दिलासा अर्धाच वाटतो. तेव्हा फक्त गुन्हा पुसायचा होता. लग्न म्हटलं की वारसा, पोटगी, पेन्शन, दत्तक असे कितीतरी कायदे हलवावे लागतात. न्यायालयाने ते संसदेवर सोडलं आहे आणि केंद्र सरकारने तर खटल्यात विरोधच केला होता. तेव्हा मुक्काम लांबचा आहे, असं धरून चाललेलं बरं.

लढाई आता किरकोळ वाटणाऱ्या मुद्द्यांवर सुरू आहे. पती-पत्नीने एकमेकांना दिलेल्या भेटीवर प्राप्तिकर लागत नाही; समलिंगी जोडीदाराकडून वर्षात ५० हजारांवर भेट मिळाली की लागतो. या भेदाला मुंबई उच्च न्यायालयात २०२५ मध्ये आव्हान दिलं गेलं. त्याच वर्षी मे महिन्यात मद्रास उच्च न्यायालय म्हणालं, की कुटुंब उभं करायला लग्न हा एकमेव मार्ग नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं, की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडता येतं आणि एकमेकांना नॉमिनी करता येतं. छान. पण इथेच बरेच जण गाफील राहतात. 'कालनिर्णय'च्या जयंत साळगावकरांच्या मालमत्तेवरून झालेल्या वादात डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शेअर्सचा नॉमिनी हा आपोआप त्यांचा मालक होत नाही. मालकी वारसांकडे जाते. हिंदू वारसा कायद्याच्या यादीत आई आहे, भावंडं आहेत, दूरचे चुलतेही सापडतील. वीस वर्षं एका घरात राहिलेला जोडीदार नाही.

म्हणून मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदारांनी तुमच्यासमोर सही करायला हवी. ते तुमच्याहून तरुण असलेले बरे. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे जाऊन ती कराच. नातेवाईक भांडायला येतील, हे गृहीत धरा.

पुढच्या भागात दत्तकविधान.