उंची कमी, सायकल मोठी

“माझी उंची ४ फूट ११ इंच आहे. पोहणे आणि धावणे जमते, पण नवी रेसिंगची सायकल दहा किलोमीटर चालवली की मान धरते आणि करंगळीला मुंग्या येतात. ट्रायथलॉनचा नाद सोडून द्यावा का?” असे एका वाचक भगिनीने पत्रातून विचारले आहे. या बाई शिक्षिका आहेत. दुकानदाराने त्यांना ‘मॅडम, सवय होईल’ असे सांगून सीट खाली करून दिली होती.

सवय होईल हे उत्तर मला मान्य नाही. मुंग्या येतात त्या मनगटाजवळची नस दाबली गेल्यामुळे, आणि दाबलेल्या नसेला सवय होत नसते. दोष बाईंच्या उंचीचा नसून सायकलच्या मापाचा आहे. आपल्याकडच्या स्त्रियांची सरासरी उंचीच मुळी १५२ सेंटिमीटरच्या, म्हणजे पाच फुटांच्या आसपास. तरीही दुकानात टांगलेली बहुतेक सायकल साडेपाच-पावणेसहा फुटांचा पुरुष डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असते. वडिलांच्या २४ इंची सायकलच्या दांड्याखालून पाय घालून अर्धे पायडल मारत आपल्यापैकी अनेकजण शिकले. गल्लीतल्या गल्लीत ते चालून गेले. ट्रायथलॉनचे तसे नाही. पणजीला २०१९ साली अर्धी आयर्नमॅन स्पर्धा झाली, तिच्यात १.९ किलोमीटर पोहून झाल्यावर ९० किलोमीटर सायकल आणि मग २१ किलोमीटर धावणे होते. हौशी स्पर्धकाचे तीन-चार तास सायकलवरच जातात. मापात नसलेल्या सायकलवर इतका वेळ काढला, तर खाली उतरल्यावर धावायला पाय उरत नाहीत.

आता सीट खाली करून काम का भागत नाही ते पाहू. रेसिंगच्या सायकलवर ४८, ५२ असा आकडा असतो. परंपरेने तो सीटखालच्या उभ्या नळीचा. परंतु कमी उंचीच्या माणसाला खरी अडचण येते ती सीटपासून हँडलपर्यंतच्या अंतराची. मोठ्या काय आणि लहान काय, बहुतेक सायकलींना चाक एकच, ज्याला ७०० सी म्हणतात ते. त्याच्या रिमचे माप ६२२ मिलिमीटर. लहान फ्रेममध्ये एवढे मोठे चाक बसवायचे, तर ते जवळ आणता येत नाही. आणले तर वळताना बुटाचे टोक चाकाला घासते. म्हणून कारखानदार उभी नळी जास्त सरळ करतात आणि पुढचा फोर्क जास्त तिरपा करतात. कागदावर फ्रेम लहान होते, पण हात मात्र जवळजवळ तेवढाच लांब करावा लागतो. मग मान वर, कोपरे ताठ आणि सगळा भार तळहातांवर. काहीजण यावर उपाय म्हणून सीटच पुढे सरकवतात. हात सुटतात, पण गुडघे धरतात.

चाकच लहान करण्याची युक्ती जुनी आहे. अमेरिकेत जॉर्जेना टेरी यांनी १९८५ साली स्त्रियांसाठी कंपनी काढली आणि पुढचे चाक २४ इंची असलेल्या सायकली बनवल्या. ट्रायथलॉनसाठीही ६५० सी नावाची लहान चाके नव्वदच्या दशकात जोरात होती. आता ती मागे पडली आहेत, आणि कोणी जुनी स्वस्तात देऊ केली तरी मी घेऊ नका म्हणेन. घाटात पंक्चर झाल्यावर त्या मापाचा टायर शोधणार कुठे? त्याऐवजी ६५० बी बघावे. नाव सारखे वाटले तरी माप वेगळे. साडेसत्तावीस इंची डोंगरी सायकलचे रिम तेच, त्यामुळे ट्यूबसाठी वणवण होत नाही.

माप घरी घेता येते. चप्पल काढून भिंतीला पाठ लावून उभे राहा, जाडसे पुस्तक मांड्यांमध्ये वर घट्ट धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्या आकड्याला ०.८८३ ने गुणा. माप ७० सेंटिमीटर आले, तर पायडलची दांडी ज्याभोवती फिरते त्या आसाच्या मध्यापासून सीटच्या वरच्या बाजूपर्यंत अंतर साधारण ६२ सेंटिमीटर हवे. पडताळा घ्यायचा तर सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. चवड्याने पायडल मारताना मग गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे क्रँक, ज्याच्या टोकाला पायडल असते ती दांडी. सहाफुटी माणसाला १७० किंवा १७५ मिलिमीटरची क्रँक ठीक. पण तीच आखूड पायांना लावली की दर फेऱ्याला गुडघा पोटात घुसतो, कंबर सीटवर डावी-उजवीकडे हलते आणि संध्याकाळी पाठ बोलू लागते. वाकून चालवायच्या ट्रायथलॉनच्या बैठकीत तर हे अधिकच. १५५ किंवा १६० ची क्रँक मिळते. आखूड क्रँकने जोर कमी पडेल, अशी भीती मला खेळाडू नेहमी बोलून दाखवतात. जिम मार्टिन या अमेरिकन संशोधकाने २००१ साली १२० पासून २२० मिलिमीटरपर्यंतच्या क्रँक तपासल्या. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी भरलेल्या कमाल ताकदीतही फरक चार टक्क्यांच्या आसपासच होता, आणि १४५ व १७० मध्ये सांगण्यासारखा फरक नव्हता. क्रँक १० मिलिमीटरने आखूड केली, तर सीट तेवढीच वर घ्यायला मात्र विसरू नका.

हँडलची रुंदी खांद्याच्या दोन हाडांमधल्या अंतराएवढी असावी. ४२ सेंटिमीटरचे हँडल लहानखुऱ्या बाईला फार रुंद होते. तिला ३६ किंवा ३८ पुरते. ब्रेकच्या मुठीत बहुधा एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की ब्रेक बोटांच्या जवळ येतो. दहा मिनिटांचे काम आहे, पण उतारावर जीव त्यावर असतो. पुढे झोपून धरायचे ट्रायथलॉनचे खास हँडल मी शेवटी ठेवतो. एवढे सगळे जमल्यावर तासभर साध्या हँडलवर न दुखता बसता आले, मगच.

लहान फ्रेमच्या त्रिकोणात पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या मावत नाहीत. बाजूने बाटली काढता येईल असे स्टँड घ्यावे, किंवा एक बाटली सीटमागे न्यावी. जाड कडेची महागडी चाके हलक्या अंगाच्या माणसाने समुद्राच्या वाऱ्यात टाळावीत; बाजूचा झोत आला की ५० किलोच्या बाईच्या हातातले हँडल हिसकले जाते. टायरमध्ये हवाही ८० किलोच्या सोबत्याइतकी भरू नये, नाहीतर रस्त्यातला प्रत्येक खडा मनगटाला कळतो. हेल्मेट डोक्याचा घेर मोजून घ्यावे, ‘फ्री साइज’ घेऊ नये.

उंचीने कमी म्हणून शर्यत आपली नाही, असे वाटणाऱ्यांना ऑस्ट्रेलियाच्या मिरिंडा कार्फ्रेची माहिती देतो. जेमतेम सव्वापाच फुटांची ही बाई हवाई बेटावरची आयर्नमॅन जागतिक स्पर्धा २०१०, २०१३ आणि २०१४ अशी तीनदा जिंकली. २०१४ ला सायकलवरून उतरली तेव्हा ती आघाडीच्या स्पर्धकापेक्षा चौदा मिनिटांहून अधिक मागे होती. धावण्यात तिने सगळे भरून काढले.

पत्रलेखिका भगिनींनी लगेच दुसरी सायकल घेऊ नये. आधी हँडल धरणारा आखूड स्टेम, मग अरुंद हँडल, मग क्रँक, या क्रमाने बदल करावेत आणि प्रत्येक बदलानंतर आठवडाभर चालवून पाहावे. करंगळीच्या मुंग्या सायकल थांबवल्यावरही रात्री राहत असतील, ब्लाउजचे हूक लावताना बोटे चुकत असतील किंवा मांड्यांच्या मध्ये बधिरपणा येत असेल, तर मात्र सायकल बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना हात दाखवावा.