जिन्यावरून पडले!

असे सांगत स्त्री दवाखान्यात येते. पडताना बहुधा तळवे, गुडघे खरचटतात. कोपराखाली हाताच्या बाहेरच्या कडेला वळ असल्यास तो मार अडवतानाचा असू शकतो. अशा वेळी सोबत्यांना (नवरा असला तर आधी त्याला) बाहेर बसवून डॉक्टरांनी विचारावे. उत्तर तिच्याच शब्दांत, तारखेसह केसपेपरवर लिहावे. पुढे वकिलाला कोर्टात हाच कागद उपयोगी पडतो. मात्र मलमपट्टीने मार थांबत नाही. म्हणून १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईत क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या पोलीस आयुक्तालयातच समाजसेविका बसवल्या. असे विशेष कक्ष पुढे इतर जिल्ह्यांतही निघाले. २००५ च्या कायद्यानुसार तक्रार नोंदवली नसली तरी रुग्णालयाला अशा स्त्रीचे उपचार नाकारता येत नाहीत.